हॅनाचं पहिलं बाळंतपण

अहो, काल सकाळी रेकॉर्ड ऑफिसमधून फोन आला. दर गुरुवारी तुमच्यासाठी जुन्या नोंदींची फिल्म बघायचं कोपऱ्यातलं मशीन राखून ठेवतात ना, ते तीन आठवडे रिकामं राहिलं, तर पुढे ठेवायचं की नाही असं ती बाई विचारत होती. तीच, जी तुमच्या खिशात पेन दिसलं की, तिथे शाई चालत नाही म्हणून, न बोलता पेन्सिल पुढे करायची. मी म्हटलं, ते येणार नाहीत. ती म्हणाली, मग या महिन्यात नको का? मग मला सांगावंच लागलं. गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य मी बँकेला सांगितलंय, कौन्सिलला सांगितलंय, पेन्शनवाल्यांना सांगितलंय, आता ते म्हणताना मला काही होत नाही. पण ती बाई रडायला लागली आणि तिची समजूत काढत मी हॉलमध्ये दहा मिनिटं उभी राहिले. तुमच्यामागे मला ही असली कामंही आहेत.

मी दमलेय हो. रडून नाही, रडणं फारसं झालंच नाही. लोकांना चहा देऊन, तुमच्या सह्यांच्या जागी माझ्या सह्या करून, सगळ्यांना 'आय ॲम फाइन' म्हणून दमलेय. आता बसलेय तर तुमच्याशी बोलते. एरवी मी बोलायला लागले की तुम्ही पेपर वर धरायचात. आज ती सोय नाही.

आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना भूल देऊन गप्प केलंत आणि रिटायर झाल्यावर शंभर वर्षांपूर्वी गप्प झालेल्यांना बोलतं करायला निघालात. तेही कुणाला, तर लेस्टरशायरच्या एका खेड्यातल्या मोजे विणणाऱ्याला. लोक विचारायचे, डॉक्टरांना इंग्रजांच्या खानदानाचं हे काय वेड लागलंय? मी म्हणायचे, जावयाचं घराणं आहे, हौस आहे त्यांना. हौस नव्हती ती. ते तुम्हाला माहीत होतं, मला होतं, नीलूला होतं आणि कॉलिनलाही होतं.

कॉलिन पहिल्यांदा घरी आला तो दिवस आठवा. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नीलूचा फार्मसीचा कोर्स संपून वर्ष झालं होतं. एकुलती एक मुलगी सांगत होती की डर्बीच्या एका इलेक्ट्रिशियनशी लग्न करायचंय. पोरगा सूट घालून आला होता, सूट बहुतेक मागून आणलेला, बाह्या आखूड होत्या. तुम्ही त्याला ना नोकरी विचारलीत, ना शिक्षण. भिंतीवरच्या आपल्या वंशावळीकडे बोट करून इंग्रजीत विचारलंत, तुझ्या पणजोबांचं नाव काय? तो गोंधळला. "नो आयडिया, डॉक्टर. डझ इट मॅटर?" म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. आणि तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "बघितलंस? पणजोबाचं नाव माहीत नाही आणि मुलगी मागायला आलाय." नीलूला मराठी कळतं हे तुम्ही विसरलात, की विसरला नव्हतात, ते मी कधी विचारलं नाही. ती उठली, त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन गेली. टेबलावर बटाटेवडे तसेच राहिले.

लग्नाला रजिस्ट्री ऑफिसात मी एकटी गेले. तुम्हाला ड्यूटी होती म्हणे. ड्यूटी नव्हती हो. रोटा, ड्यूट्यांचा तक्ता, फ्रिजवर लावलेला असायचा आणि मला वाचता येतं.

त्या वंशावळीबद्दलही एकदा सांगूनच टाकते. अकरा पिढ्या, सुरेख अक्षर, वर गणपती, आणि त्यात एक बाई नाही. मी नाही, सासूबाई नाहीत, त्यांच्याही सासूबाई नाहीत. अकरा पिढ्या पुरुषांनी पुरुषांना जन्म दिलाय. मी हे म्हटलं की तुम्ही हसायचात आणि म्हणायचात, पद्धत आहे ती. चौथ्या पिढीत कुणी दत्तक आले होते, तिथे मात्र बापापासून मुलापर्यंत तुटक रेघ. तेवढी नोंद पूर्वजांनी अगदी चोख ठेवलीय.

मग नीलूला दिवस राहिले. हे मी तुमच्यापुढे फारसं कधी काढलं नाही, कारण काढलं की मला उठून आत जावं लागायचं. तिनं फोन केला. पुष्कळ महिन्यांनी. "आई, मी बेबीसाठी आपल्या घरी येऊ का?" एवढंच विचारलं. मी रिसीव्हरवर हात ठेवून तुमच्याकडे पाहिलं. म्हटलं, "अहो, पहिलं बाळंतपण आहे." तुम्ही म्हणालात, "तिचं घर तिनं निवडलंय. हॉस्पिटलं डर्बीलाही आहेत." आणि पेपर वर केलात. मी हात काढला आणि तिला म्हटलं, बाबांची तब्येत जरा बरी नाही गं. ती म्हणाली, "ओके, आई." काय ते समजली. तुमचं 'नाही' मी गोड करून पोचवलं, आणि ती खोटी गोडी आजही माझ्या जिभेवर आहे.

कारण मी स्वतः तशीच राहिलेली होते. नीलूच्या वेळी आपण बर्मिंगहॅमला हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये होतो. आई सांगलीहून पत्रावर पत्र टाकत होती, हिला पाठवून द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, जगातलं उत्तम हॉस्पिटल अंगणात असताना तिकडे कशाला? बरोबरच होतं म्हणा. हॉस्पिटल उत्तमच होतं. आईचे डिंकाचे लाडू कुणाबरोबर तरी आले तेव्हा नीलू तीन महिन्यांची होती आणि लाडवांचा दगड झाला होता. मी ते फोडून खाल्ले, तुम्ही नाइटला गेलात की.

नात, मीरा, दीड वर्षाची असताना नीलू तिला घेऊन अचानक आली. तुम्ही नुसतं बोट पुढे केलंत, पोरीनं ते धरलं, आणि तुमच्या लेखी विषय मिटला. पुढे येणं-जाणं सुरू झालं, दिवाळी झाली, ख्रिसमस झाला. पण तुमच्या लक्षात आलं होतं का, की नीलू या घरात एकदाही मुक्कामाला राहिली नाही? कितीही उशीर होवो, बर्फ पडो, कॉलिन गाडी काढायचा आणि ती डर्बीला परत जायची. मी गाद्या घालून ठेवायचे आणि त्या परत उचलायचे.

असाच एक ख्रिसमस. जेवणं झाली होती. कॉलिननं खिशातून घडी केलेला कागद काढून तुमच्यापुढे ठेवला. "डॉक्टर, तुम्ही मला एकदा विचारलं होतं," म्हणाला. "मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला विचारलं, तिच्याजवळ होतं. जॉर्ज हॅलम. मोजे विणायचे त्या घरात, एवढंच तिला माहीत आहे. सॉरी इट टुक सो लाँग." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट ऐकत होते. सहा वर्षं तो माणूस तुमचा प्रश्न खिशात घेऊन फिरला होता. तुमचा चेहरा असा झाला की मी उठून उगाच कॉफी करायला गेले. आतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "मी शोधतो. पुढचं मी शोधतो."

तुमच्या भाषेत ती माफी होती असं मी धरून चालले. नीलूनं धरलं नाही. मी तुम्हाला म्हटलंही, एवढे चर्चचे कागद धुंडाळण्यापेक्षा फोन उचला आणि पोरीला एक वाक्य म्हणा. त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "आधी चार्ट पूर्ण होऊ दे." हा वाद आपण चार वर्षं घातला आणि तो अजून माझ्या बाजूनं चालूच आहे.

पण काम मात्र मन लावून केलंत, हे म्हणायला हवं. डबा घेऊन जायचात, पोळी-भाजीचा रोल, आणि बाहेर बाकावर बसून खायचात, कारण आत पाणीसुद्धा चालत नाही. खानेसुमारीची पानं शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाहीत हे तुम्हीच मला सांगितलंत. मी म्हटलं, आपल्या घरातल्यासारखंच आहे की. तुम्ही हसला नाहीत. अठराशे एकाहत्तरच्या पानावर तुम्हाला तो सापडला: ऑल्डरबी गाव, सॅम्युएल हॅलम, मोजे विणायच्या मागावर काम, बायको, पाच मुलं, त्यातला थोरला जॉर्ज, वय आठ. त्या दिवशी आल्यावर हात न धुता सांगत सुटलात. मुलं पाच आणि खोल्या दोन, आणि त्यातली एक मागानं भरलेली, म्हणालात. कधी न पाहिलेल्या त्या माणसाची तुम्हाला काळजी वाटत होती. मला ते बघून बरं वाटलं, आणि रागही आला. तुमच्यात हे होतं. मग ते नीलूपर्यंत का पोचलं नाही?

मग घोडं अडलं. ऑल्डरबीच्या चर्चच्या रजिस्टरात चार मुलांचे बाप्तिस्मे मिळाले, जॉर्जचा मिळेना. पुढची पानं पाहिलीत, मागची पाहिलीत, शेजारच्या गावांची पाहिलीत. जन्माच्या सरकारी यादीत जॉर्ज हॅलम ढिगानं, त्यातला आपला कोणता ते कळेना. वर्ष गेलं त्यात. शेवटी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंगचा मोठा कागद पसरलात आणि पट्टी धरून सॅम्युएलपासून जॉर्जपर्यंत तुटक रेघ मारलीत. "घरातला नाही हा," म्हणालात. "बापाच्या गावात बाकीच्यांची नोंद आहे, याचीच नाही. कुठूनतरी आणलेला असणार. दत्तक म्हण, काही म्हण."

मला जो संताप आला. मी म्हटलं, "म्हणजे पुन्हा तेच. त्याला पणजोबाचं नाव नव्हतं म्हणून हाकललंत, आता नाव आणून दिलं तर पणजोबाच खोटा ठरवताय. हा चार्ट तुम्ही त्याच्या हातात देणार?"

"मी माझ्या मनचं लिहीत नाही. पुरावा नाही."

"थोरला आहे ना तो? पहिलटकरीण होती ना ती बाई? मग आईकडे गेली असेल बाळंतपणाला."

तुम्ही चष्मा काढलात. "अगं, हे काय सांगली आहे?"

"बाळ सांगलीतही होतं आणि इथेही होतं. पहिल्या खेपेला मुलीला आईच लागते. कुठली होती ती?"

"कोण?"

"बायको त्याची. माहेर कुठलं?"

आणि तुम्ही वह्या चाळायला लागलात. एका वहीत नाही, दुसऱ्या वहीत नाही. खानेसुमारीच्या पानावर प्रत्येकाचं जन्मगाव लिहिलेलं असतं, बायकांचंही असतं. तुम्ही पुरुषांची तेवढी उतरवून घेतली होतीत. तिचं नाव हॅना एवढंच होतं, पुढे कोरं.

मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. भूल देण्याआधी पेशंटला चार-चारदा सगळं विचारणारा माणूस. एवढ्या वर्षांत तुम्हाला ही गोष्ट सुचली नाही, कारण आपल्या घरात ती दोनदा घडायची होती आणि दोन्हीदा घडली नाही.

पुढच्या गुरुवारी हॅनाचं गाव उतरवून आणलंत. लिंकनशायर. म्हणजे दुसरी काउंटी, दुसरं रेकॉर्ड ऑफिस. "तूही चल," म्हणालात. आजवर कधी म्हणाला नव्हतात. थंडी मरणाची होती. ट्रेन बदलून आपण लिंकनला गेलो. मी तुम्हाला चिल्लरची डबी दिली, ती फोटोच्या रोलची काळी डबी, कारण तिथल्या लॉकरला नाणं लागतं आणि तुम्ही आयत्या वेळी खिसे चापपत बसता. तुम्ही ती कोटात टाकलीत, खुळखुळ वाजत होती. मग दोघं मशीनपुढे. तुम्ही हँडल फिरवत होता आणि मी वाचत होते, कारण उजव्या डोळ्यानं तुम्हाला कमी दिसायला लागलं होतं आणि ते तुम्ही सगळ्यांपासून लपवत होतात. पाद्र्याचं अक्षर तुमच्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा बरं होतं. अर्ध्या तासात सापडलं. जॉर्ज. सॅम्युएल आणि हॅना हॅलम यांचा मुलगा. राहणार ऑल्डरबी, जिल्हा लेस्टर. धंदा, मोजे विणणे.

तुम्ही हँडलवरचा हात काढला नाहीत. बराच वेळ ती ओळ बघत राहिलात. मी म्हटलं, "झालं ना आता? पुरावा?" तुम्ही मान हलवलीत. "तू उतरवून घे," म्हणालात, "मी जरा पाय मोकळे करून येतो." लॉकरमधून कोट घेतलात आणि बाहेर गेलात. दहा-पंधरा मिनिटांनी आलात तेव्हा कान लाल झाले होते. मी विचारलं, कुठे गेला होतात? "कुठे नाही."

येताना ट्रेनमध्ये गर्दी नव्हती. नॉटिंगहॅम यायच्या आधी कधीतरी, खिडकीकडे बघत तुम्ही म्हणालात, "हॅनाच्या बापानं दार उघडलं म्हणायचं." मी वाट पाहिली. एवढं बोललात तर पुढचंही बोलाल असं वाटलं. नॉटिंगहॅम आलं, लेस्टर आलं. घरी येऊन तुम्ही खोडरबरानं ती तुटक रेघ पुसलीत आणि शाईनं सलग मारलीत. मग म्हणालात, आता हॅनाच्या बापाचं नाव काढतो, कोण होता बघू. बाईच्या माहेरचा माणूस शोधायला निघालेले तुम्ही आपल्या घराण्यातले पहिलेच. मी पुन्हा म्हटलं, नीलूला फोन करा. "चार्ट पूर्ण होऊ दे," म्हणालात. त्यानंतर बारा दिवसांनी तुम्ही गेलात, दाढी करता करता, एक गाल साबणाचा.

नीलू आली ती राहिली. पहिल्यांदाच. तिच्या जुन्या खोलीत, आईच्या घरी, बाप गेल्यावर. मी गादी घातली आणि या खेपेला ती उचलावी लागली नाही. तेराव्यानंतर मी ठरवलं की तुमचं ट्रेनमधलं ते वाक्य तिला सांगायचं. माझ्याजवळ दुसरं होतंच काय? या घरातले निरोप मीच पोचवत आले. जेवायला ये म्हणावं, फी भरली म्हणावं, गाडी हळू चालव म्हणावं. तेव्हा तुमची माफीही मीच पोचवावी, तीसुद्धा अर्धी, उरलेली माझ्या पदरची घालून. मला त्याचाही कंटाळा आला होता, पण सुरुवात केली. लिंकनला आम्ही गेलो होतो ना, म्हटलं.

"आय नो, आई," नीलू म्हणाली. "बाबांनी मला फोन केला होता त्या दिवशी. लिंकनवरून. फोन बॉक्समधून."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"हॅनाची स्टोरी सांगितली. ती बेबीसाठी तिच्या आईकडे गेली, आईनं बरोबर ओळखलं म्हणाले. एकदम एक्सायटेड होते. मग म्हणाले, 'नीलू, तेव्हा तू विचारलं होतंस...' आणि मग काहीच नाही. आय कुड हिअर हिम ब्रीदिंग. मी पण काही बोलली नाही. मग ते पीप्स आले, यू नो, पैसे संपला की येतात ते. आणि लाइन गेला." ती कपाकडे बघत होती. "मी खूप वेळ फोनजवळ बसली. परत करतील वाटलं. चेंज नसेल त्यांच्याकडे. पूअर बाबा. ही वॉज गोइंग टु से इट, आई. पैसे संपले नसते तर म्हणाले असते."

म्हणजे तुम्ही गेला होतात. त्या थंडीत, मला न सांगता, पेटी शोधून, नंबर फिरवून. ज्या माणसानं जन्मात स्वतःहून कुणाला फोन केला नाही, आलेला फोनही माझ्या हातात द्यायचा, त्यानं हे केलं. आणि मी चार वर्षं तुमच्या मागे लागले होते, त्यानंतरही बारा दिवस लागले होते, आणि तुम्ही ऐकून घेत होतात, सांगत नव्हतात की बाई गं, मी केला. अहो, मला नुसतं सांगितलं असतंत तर मी त्या बारा दिवसांत तुम्हाला दोन वेळा तरी बरं बोलले असते. ते राहिलं. मला खात्री आहे, ते आता राहीलच.

चार्ट कॉलिन घेऊन गेला. काच बसवून आणली, त्यांच्या हॉलमध्ये लावलाय. सॅम्युएलशेजारी हॅना आहे, जॉर्जशेजारी त्याची बायको आहे, आणि अगदी खाली कॉलिनशेजारी नीलू, तुमच्या अक्षरात, आपल्या आडनावासकट. ते बघून नीलू पहिल्यांदा नीट रडली. तो माणूस अजून तुम्हाला डॉक्टरच म्हणतो, आणि परवा मला विचारत होता की हॅनाच्या वडिलांना शोधायचं काम मी पुढे चालवू का. मी म्हटलं, चालव. म्हणजे गुरुवारचं मशीन रिकामं राहणार नाही. आज त्या बाईला फोन करून तसं कळवते.

आणि एक. आज सकाळी तुमचा तो जाडा कोट चॅरिटी शॉपला द्यायला काढला. लिंकननंतर तुम्ही तो घातलाच नव्हता. खिसे तपासले, तर आतल्या खिशात डबी. हलवली तर वाजली. झाकण काढून पाहिलं, निम्मी भरलेली होती.

अहो, चिल्लर होती की तुमच्याजवळ.

मी बराच वेळ ती हातात घेऊन जिन्यावर बसले. खाली नीलू मीराला शाळेतून आणायच्या वेळा फोनवर कॉलिनला सांगत होती, आवाज मोकळा होता. मग मी डबी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवून दिली. इतकी वर्षं मी या घरातला तुमचा प्रत्येक निरोप तिच्यापर्यंत पोचवला. हा पोचवणार नाही.